श्रावणातलं तेल

त्यांच्याकडे भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला खोल्यांच्या आधी मोटार दाखवली. पत्र्याच्या शेडमध्ये काळी मोटार उभी होती आणि तिच्यावर जुनी धोतरं शिवून केलेलं पांघरूण होतं. त्यांनी बॉनेट उघडलं, आतून एक लांब सळई ओढून काढली आणि तिचं टोक माझ्या नाकाशी धरलं.

"वास घ्या."

घेतला.

"कसला येतो?"

"तेलाचा."

"तेलाचा, हे मलाही कळतं. जिवंत तेलाचा की मेलेल्या?"

मी शाळामास्तर. भूमितीत असा प्रश्न येत नाही. पण त्यांचा चेहरा असा होता की उत्तर न देणं जमलं नसतं. मी घाबरून "जिवंत" म्हणालो. ते बरोबर निघालं, आणि दोन खोल्या आणि मागची पडवी मला मिळाली.

हे नाशकात, शरणपूरच्या रस्त्याला. त्या काळी तिकडे बंगल्या मोजून पाच-सहा. आमचे मालक निवृत्त ओव्हरसियर. सगळा जन्म सरकारी रस्ते, पूल आणि मोऱ्या बांधण्यात गेलेला. लग्न केलेलं नव्हतं. गाव त्यांना साहेब म्हणायचं, मीही म्हणायचो. मोटार देवळालीच्या छावणीतला एक गोरा कप्तान विलायतेला परत जाताना विकून गेला होता, ती त्यांनी घेतली. दुसरा कोणी असता तर रोज संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, चक्कर मारून आला असता. हे सगळीकडे पायी जायचे. बाजाराला पायी, पोस्टात पायी, भर उन्हात डोक्यावर छत्री धरून पायी. महिन्यातून एकदाच मोटार बाहेर निघायची. गंगापूरपर्यंत जायचं, इंजिन चांगलं सणसणीत तापवायचं आणि परत आणून पांघरूण घालायचं. मी एकदा धीर करून विचारलं, "साहेब, मोटार असून तुम्ही चालत का जाता?"

"मोटार वेळेला असते," ते म्हणाले.

कोणत्या वेळेला, ते सांगितलं नाही. पण ती वेळ एक दिवस येणार आणि नेमकी त्याच दिवशी मोटार चालू होणार नाही, ही धास्ती त्यांना अष्टौप्रहर असायची. त्यापायी ते वर्षातून चार वेळा इंजिनातलं तेल बदलायचे. संक्रांत, रामनवमी, नागपंचमी आणि दसरा. मोटार तीस मैल चालली असो की तीन. गावातल्या एका डॉक्टरांकडेही मोटार होती. ते एकदा म्हणाले, "ओव्हरसियर, हजार मैल झाल्याशिवाय तेल बदलायचं कारणच काय?" साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हजार मैल चालणाऱ्या मोटारीला. उभ्या मोटारीचे महिने मोजायचे. तेल चालून मरत नाही एवढं बसून मरतं."

त्यांचा आवाज कधी चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. बारीक आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायचे, आणि आपण काहीतरी गुन्हा केलाय असं ऐकणाऱ्याला वाटायचं. मला तर त्यांच्या पावलांचा आवाज आला तरी आपली चप्पल जागेवर आहे का बघावंसं वाटे. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "यंत्र दगा देत नाही मास्तर, माणूस देतो." हे म्हणताना ते माझ्याकडे बघायचे. मी तोवर काहीच केलेलं नव्हतं.

त्यांच्या हाताखालचा एक जुना मुकादम कधीमधी भेटायला यायचा. त्याने सांगितलेली गोष्ट. साहेबांनी कुठल्याशा ओढ्यावर दगडी पूल बांधला. पूल झाल्यावर पहिला रोलर वरून जायचा होता. सगळे लोक काठावर, आणि साहेब खाली, कमानीच्या आत, पाण्यात उभे. मी साहेबांना विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली म्हणूनच उभा राहिलो. काठावर उभा असतो तर जास्त वाटली असती."

हे मला त्या वेळी कळलं नाही. आताही पुरतं कळलंय असं नाही.

त्यांच्या उजव्या मनगटाचा सांधा वाकडा होता. मोटार चालू करायचं हँडल उलटं फिरून त्याचा तडाखा बसलेला. मला हँडल मारायला शिकवताना त्यांनी ते मनगट आधी दाखवलं. "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. मुठीत धरलंत तर हे असं होईल." मी शिकलो, पण दर वेळी डोळे मिटून मारायचो.

एका वर्षी साहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भाद्रपद संपता संपता ते ऑपरेशनसाठी मुंबईला निघाले. जाताना तेलाचा सीलबंद डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दसऱ्याला बदला. तुम्हाला दाखवलंय कसं करायचं ते. बाकी कशालाही हात लावू नका." त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कोणावर हे काम सोपवलं नव्हतं. मला इतका मान वाटला की मी घरात येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

तेल बदलायचं म्हणजे मोटारीखालच्या खड्ड्यात उतरायचं. साहेबांनी शेडच्या जमिनीत छातीएवढा खोल चर खणून घेतला होता, त्याला दगडाच्या पायऱ्या. आत उभं राहून इंजिनाचं बूच उघडायचं, काळं तेल घमेल्यात काढायचं. ते तेल नाक्यावरचे एक टांगेवाले चाचा टांग्याच्या चाकांच्या आसाला लावायला घेऊन जायचे. त्याच वर्षीच्या श्रावणात, नागपंचमीला, तेल न्यायला आलेल्या चाचांनी त्या खड्ड्यातून काठीने सापाची कात बाहेर काढली होती. हातभर लांब, अख्खी. "मालिक गया, कपडा छोड गया," असं म्हणून ते हसले. मी हसलो नाही.

खरं तेच सांगतो, मी उतरलो नाही. दसऱ्याच्या सकाळी मोटारीला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, पाना घेतला, कंदील घेतला, दोन पायऱ्या उतरलो. तिसऱ्या पायरीशी काहीतरी खसखसलं. उंदीर असेल, पालापाचोळा असेल. मी वर आलो, तो परत गेलो नाही. डबा स्वयंपाकघरात सरपणाच्या मागे ढकलून दिला.

मग मन खायला लागलं. त्यावर मी स्वतःच एक उपाय काढला आणि त्याचा मला अभिमानही वाटला. तेल बसून मरतं ना, मग बसूच द्यायचं नाही. रोज सकाळी शाळेला जायच्या आधी हँडल मारायचं, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं आणि बंद करायचं. तुळशीला पाणी घालतो तसं. बायकोला तेव्हा सातवा महिना होता. ती दारात उभी राहून बघायची. एकदा येऊन मागच्या गादीवर बसलीसुद्धा आणि पदर सारखा करत म्हणाली, "बाई बाई, काय ऐट. शिकवणार कधी चालवायला?" चांगले दिवस होते. ओटीभरण झालं आणि ती पहिलटकरीण म्हणून रीतीप्रमाणे बाळंतपणाला घोटीला, माहेरी गेली.

दिवाळीनंतर साहेब परत आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यापुढे बशीएवढ्या जाड भिंगाचा चष्मा. लांबचं लख्ख दिसायचं, पण जवळचं काही दिसत नव्हतं. जवळचा चष्मा मुंबईहून संक्रांतीच्या सुमाराला यायचा होता. तोवर वाकायचं नाही, जोर लावायचा नाही, हिसके बसू द्यायचे नाहीत, म्हणजे मोटारही चालवायची नाही, अशी मुंबईच्या डॉक्टरांची ताकीद. टांग्यातून उतरले आणि ट्रंक खाली ठेवायच्या आधी विचारलं, "तेल?"

"बदललं."

इतकं सहज तोंडातून गेलं. मला वाटलंच नाही की मी खोटं बोललो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेडमध्ये नेलं. "सळई काढा. रंग सांगा."

मी सळई काढली. तिला चिकटलेलं होतं ते तेल नव्हतं. दुधाचा चहा गार होऊन त्यावर साय धरावी तसलं काहीतरी होतं.

"रंग, मास्तर."

"मधासारखा," मी म्हणालो.

त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं, पण पट्टीच्या औषधापुढे त्यांना दुसरा वास येत नव्हता. मग अंगठ्यावर चोळलं. बराच वेळ चोळत राहिले. "जरा जड लागतंय."

"थंडी पडलीय ना."

"हं. थंडी पडलीय." त्यांनी बोट धोतराच्या चिंधीला पुसलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण त्यांच्याकडे दुसरे डोळे नव्हते.

पुढे आठेक दिवसांनी ओट्यावर बसून ते छावणीतल्या कोणा गोऱ्या साहेबाची गोष्ट सांगत होते. तो रोज सकाळी मोटार पाच मिनिटं चालू करून ठेवायचा. "खुनी माणूस," साहेब म्हणाले. "पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. आतल्या आत वाफ धरते, तिचं पाणी होतं, ते तेलात उतरतं. तेलाची खीर होते. नुसती उभी ठेवली असती तरी बिचारी जगली असती." माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो मी ताटात परत ठेवला.

त्या दिवसापासून माझं जे झालं ते कोणाचं होऊ नये. रोज सकाळी "रंग सांगा", रोज "मधासारखा". शाळेत त्रिकोण काढायला जायचो आणि फळ्यावर चौथी बाजू काढून बसायचो. संक्रांत आली की नवा चष्मा येणार, साहेब स्वतः खड्ड्यात उतरणार, बूच उघडणार. मग काय? सांगून टाकावं, असं दिवसातून दहा वेळा वाटे आणि त्यांची पावलं वाजली की अकराव्यांदा वाटत नसे. पुन्हा खड्ड्यात उतरून गुपचूप बदलावं म्हटलं, तर साहेब दिवसभर शेडच्या समोरच खुर्ची टाकून बसलेले.

एकदा चाचा आले. साहेब बसलेत, मी शेजारी उभा. चाचा म्हणाले, "मास्तर, दसऱ्याचं काळं तेल नाही दिलं यंदा. आस लय कुरकुरतंय."

साहेबांनी मान माझ्याकडे वळवली. त्या भिंगातून त्यांचा एकच डोळा केवढा तरी मोठा दिसत होता.

"सांडलं," मी म्हणालो. "घमेलं उलटं झालं."

चाचांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यभर घोडी ओळखली होती, माणूस ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "होतं तसं कधी कधी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. साहेबांनी विचारलं, "कुठे सांडलं?" मी म्हटलं, "खड्ड्यात." त्यांनी मान पुन्हा शेडकडे वळवली.

मार्गशीर्ष संपत आला होता, रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. माझा मेव्हणा टांग्यातून उतरला. डोक्यावर टोपी नाही, पायात वहाण नाही. पहाटेच्या आगगाडीने घोटीहून निघालेला.

"दाजी, चला. आक्काला दोन दिवस झाले. पोर आडवं हाय म्हनं. सुईण आता हात लावायला तयार नाय. तिथला डॉक्टर म्हनतो, नाशकाच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता."

"मग आगगाडीने का नाही आणलंत?"

"संध्याकाळशिवाय गाडी नाय, दाजी. तवर ऱ्हात नाय ती." आणि तो रडायलाच लागला.

वळून बघतो तो साहेब ओट्यावर उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी आत जाऊन कोट घातला, डोळ्यावरची पट्टी घट्ट केली आणि बाहेर आले. डॉक्टरांची ताकीद त्यांच्या ध्यानात नसेल असं नाही.

"पांघरूण काढा. बावीस मैल आहे. बारापर्यंत पोचू." मग शेडमध्ये आल्यावर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सळई."

मी सळई काढली. तीच साय, आता जास्त दाट. ते थांबले होते. मेव्हणा दारात उभा होता. मी त्यांना पुरता ओळखत होतो. खरं सांगितलं की ते मेलेल्या तेलावर पाऊलभरही मोटार नेणार नाहीत. आधी जुनं काढणार, थेंब न् थेंब गळू देणार, आतून धुणार, मग नवं भरणार. दीड तास. त्यांना ते काम घाईने करता येत नसे. डॉक्टरांची मोटार मागावी, तर रविवारी ते ती घेऊन बाहेरगावी असायचे. आणि नाही सांगितलं, तर ही मोटार माझ्या बायकोला आत घेऊन रस्त्यात कुठे मरेल, ते देवाला ठाऊक.

"रंग, मास्तर."

"मधासारखा."

मी डोळे मिटून हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं.

जाताना मोटार चांगली चालली. साहेब लांबचं बघून चालवत होते, आणि चालवत फार सुरेख होते. पण समोरच्या फळीवर तेलाचा दाब दाखवणारा काटा होता, तो त्यांना दिसत नव्हता. दर मैलाला विचारायचे, "काटा?" मी सांगायचो, "जागेवर." विल्होळी गेली, वाडीवऱ्हे गेलं. प्रत्येक खड्ड्याला एकेका देवाचं नाव घेत होतो. मी आयुष्यात इतके देव आठवले नव्हते. घोटीला पोचल्यावर साहेबांनी इंजिन बंद केलं नाही. "बंद करायचं नाही. लवकर आणा."

तिला मी ओळखलं नाही. ओठ पांढरे, केस घामाने चिकटलेले. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलात?" आणि डोळे मिटले. मागे गादी टाकून तिला आडवं ठेवलं, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. जागा नव्हती म्हणून मेव्हणा मागे राहिला. तो मोटारीबरोबर चार पावलं पळाला आणि उभा राहिला.

परतीचे आठ-नऊ मैल झाले होते. एक लांबट चढ लागला आणि इंजिनातून टकटक असा आवाज यायला लागला. बारीक, पण सारखा.

"काटा?" साहेबांनी विचारलं.

काटा खाली येत होता. बघता बघता खाली येत होता.

"मास्तर, काटा?"

"पडला," मी म्हणालो. "साहेब, काटा पडला."

त्यांनी पाय सैल सोडला. मोटार मंद झाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे बघत विचारलं, "तेल कधीचं आहे?"

"श्रावणातलं."

"दसऱ्याला?"

"नाही बदललं. खड्ड्यात उतरायला घाबरलो."

"आणि रंग?"

"दुधाच्या चहासारखा आहे. पहिल्या दिवसापासून."

"पाणी कुठून आलं?"

"मी रोज चालू करत होतो. पाच मिनिटं."

"रोज?"

"रोज."

खोटं बोललो याचं त्यांना काही झालं नाही, पण त्या 'रोज'ने ते पांढरे पडले. मागून सासूबाई म्हणाल्या, "काय झालं हो जावईबापू? आवाज कसला येतोय?" बायको सगळं ऐकत होती की नाही, कोण जाणे.

"नवा डबा?" साहेबांनी विचारलं.

"घरी. सरपणाच्या मागे."

त्यांनी स्टिअरिंगच्या चाकावरून एक हात काढला आणि काट्याच्या काचेवर बोट फिरवलं, जसा काही तो बोटाला लागणार होता. त्यांना असं चाचपडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं मी या माणसाला घाबरत होतो आणि तो माझ्याहून जास्त घाबरलेला होता. कपाळावरून घाम ओघळून पट्टीखाली जात होता.

"थांबवली तर पुन्हा चालू व्हायची नाही," ते म्हणाले. "न थांबता जायचं. हळू. तुम्ही आवाज ऐका. वाढला की सांगा. खोटं बोलू नका."

"नाही बोलणार."

मग ते तेरा-चौदा मैल. चढाला मोटार जेमतेम माणसाच्या चालीने चढायची, उताराला साहेब इंजिनावरचा भार काढून तिला तशीच घरंगळू द्यायचे. तोंडाने पुटपुटत होते, "चल गं, चल गं बाई," आणि हे मोटारीला की माझ्या बायकोला, मला कळत नव्हतं. समोर बैलगाड्या आल्या की ते भोंगा वाजवत राहायचे, गाडीवान शिव्या देत बाजूला व्हायचे. इंजिन टकटकत होतं आणि मागे ती कण्हत होती. दोन्ही आवाजांना मी घाबरत होतो, पण कण्हणं थांबलं तेव्हा जास्त घाबरलो. मागे वळून बघायचा धीर होईना. सासूबाई तिच्या गालावर हात मारत होत्या, "डोळे उघड, पोरी, डोळे उघड." मग ती पुन्हा कण्हली आणि मला रडू फुटलं.

"आवाज, मास्तर," साहेब म्हणाले.

"वाढलाय."

"हं."

नाक्यावर आलो आणि आतून काहीतरी तुटल्यासारखा दणका बसला. मोटार एकदा हिसकून उभी राहिली. मी उतरून हँडल मारून पाहिलं. काही नाही. दवाखाना तिथून अर्ध्या मैलावर.

टांगे उभे होते. मी चाचांकडे धावलो. ते मोटारीपाशी आले, आत डोकावले आणि म्हणाले, "बाईला हलवू नका मास्तर. टांग्यात चढवायची ही हालत नाही. सब मिल के ढकलते." त्यांनी हाका मारल्या. सात-आठ टांगेवाले घोडी सोडून आले. मी मागून खांदा लावला. माझ्या शेजारी कोणीतरी येऊन खांदा लावला, बघतो तर साहेब. चाचांना स्टिअरिंगच्या चाकाशी बसवून ते उतरले होते. जोर लावायचा नाही, वाकायचं नाही, हे सगळं त्यांनी सोडून दिलं होतं. मी म्हटलं, "साहेब, तुमचा डोळा." ते म्हणाले, "ढकला."

मुलगी झाली. दुपारी तीनच्या सुमाराला. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टॉवेलला हात पुसत मला म्हणाल्या, "आणखी तासभर उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं." साहेब बाकावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. उठले आणि पायी घरी गेले.

मोटार चार दिवस दवाखान्याच्या कुंपणाशी उभी होती. छावणीतला मिस्त्री आला, त्याने इंजिन उघडलं आणि पुन्हा झाकलं. आत काही उरलं नाही, म्हणाला. ती ओढून आणून शेडमध्ये ठेवली. साहेबांनी तिच्यावर पांघरूण घातलं नाही. माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिना उलटून गेला. संक्रांत आली, जवळचा चष्मा आला, त्यांनी तिळगूळ घेतला आणि मान हलवली, एवढंच. त्या बोलण्याला मी घाबरायचो, पण न बोलण्याने मला खाऊन टाकलं. मी ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. 'जागा सोडा' असं ते म्हणाले की निघायचं.

सव्वा महिन्याने बायको मुलीला घेऊन माहेराहून घरी आली. त्याच दिवशी दुपारी साहेबांनी हाक मारली. मी मुलीला घेऊनच गेलो. रिकाम्या हातांनी जायची छाती झाली नाही. ते ओट्यावर बसले होते. समोर स्टूल होतं, पण ते 'बसा' म्हणाले नाहीत.

"एक विचारायचं आहे," ते म्हणाले. "खरं सांगा."

"विचारा."

"त्या दिवशी मी रंग विचारला. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं?"

दुसरं काहीतरी सांगून सुटता आलं असतं. पण खोटं न बोलण्याचं वचन मी एकदा दिलं होतं.

"तेल बदलत बसला असतात."

"किती वेळ?"

"दीड तास."

मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती, ते तिच्याकडे बघत राहिले.

"हो," ते म्हणाले. "बसलो असतो. घाई न करता बसलो असतो. आणि वर मी वेळेला उपयोगी पडलो, असं आयुष्यभर मानलं असतं." मग आणखी बारीक आवाजात, "महिनाभर मी मोटारीसाठी नाही गप्प बसलोय, मास्तर. ती गेली तर गेली. मला माझीच भीती वाटायला लागलीय."

माझ्या भित्रेपणाने मोटार मेली आणि माझ्या खोटेपणाने मुलगी वाचली, यात मी कुठे उभा राहायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मुलगी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी हात मागे घेतले. "नको. माझ्याकडून पडेल."

"नाही पडणार."

"पडेल, मास्तर. मनगट वाकडं आहे."

मी ऐकलं नाही. त्यांच्याशी मी पहिल्यांदाच असा वागलो. वाकलो आणि मुलीला सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते ताठ झाले. दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना धरले, अंगाला न लावता, आणि श्वाससुद्धा बेताने घ्यायला लागले. मी शाळेच्या वह्या तपासायला आत निघून गेलो. ती पुरते दोन तास झोपली. मी अधूनमधून खिडकीतून बघत होतो. त्यांनी पाय हलवला नाही.